चपड्याचे सहा हात

इंजिनाने तिसऱ्यांदा काळा धूर ओकला आणि धापा टाकत बंद पडलं, तेव्हा धनेश्वरसर म्हणाले, "हवामानाचा दोष आहे."

फेब्रुवारी महिना, बाहेर लख्ख ऊन, आणि हवामानाचा दोष तेवढा आमच्या प्रयोगशाळेत. मी इंजिनाखाली सांडलेलं पेट्रोल फडक्याने टिपत होते. मुल्लाचाचा पाना घेऊन पलीकडे उभे होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर दोघांनाही हसू आवरलं नसतं, आणि हसणं मला परवडणारं नव्हतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. सुरुवातीचे वर्ग कारखान्याच्या गोदामात भरायचे, त्यामुळे पहिल्या दोन बॅचच्या वह्यांना मळीचा वास यायचा. मी तिथे यंत्र विभागात लॅब असिस्टंट. प्रमिला तांबट, आयटीआय फिटर, आणि हजेरीपटावर नावापुढे 'हंगामी'. अकरा महिन्यांची ऑर्डर, डिसेंबरात महिनाभर घरी, जानेवारीत पुन्हा अकरा महिने. उसाला हंगाम असतो तसा मलाही होता. फरक इतकाच की उसाच्या निदान मळीला तरी भाव मिळतो.

धनेश्वरसर आमचे विभागप्रमुख. माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही; फक्त पाना उलटा धरायचे. त्यांना डॉक्टरेट करायची होती आणि त्यासाठी त्यांनी हे इंजिन मांडलं होतं. जुन्या मोटारीचं पेट्रोल इंजिन, त्यावर कारखान्याच्या भंगारातल्या परदेशी जनरेटरचा टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. सरांच्या मांडणीत ती दाबलेली हवा कार्बोरेटरमधूनच आत जायची. कागदावर हे इंजिन फार सुरेख चालायचं.

प्रत्यक्षात ते पहिली दोन-चार मिनिटं गुणी मुलासारखं चालायचं. टर्बोने जोर धरला की कार्बोरेटर ओव्हरफ्लो, पेट्रोलचा पूर, काळा धूर, प्लग ओलेचिंब आणि खेळ खलास. महिनाअखेरीला मान्यता समिती यायची होती. तिच्यासमोर इंजिन दहा मिनिटं चाललं पाहिजे, असं चेअरमनसाहेबांनी सरांना बजावलं होतं. आणि सरांनी मला सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं, "तांबट, हे इंजिन चालू द्या. तुमची कायम करण्याची फाईल मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो."

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी 'कायम' हा शब्द माझ्याबद्दल उच्चारला होता. त्या रात्री मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, जेवताना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ऐकलं मी पहिल्यांदाच."

हवामानानंतर सरांनी पेट्रोलच्या पंपाला दोषी धरलं, तो बदलला. मग प्लग बदलले. मग सुईचा व्हॉल्व्ह, मग जेट. दर वेळी ते फळ्यावर आलेख काढत, आणि दर वेळी इंजिन त्या आलेखाखाली पेट्रोल सांडत बसे. शेवटी त्यांनी टर्बोच परदेशी असल्यामुळे आपल्या पेट्रोलशी जुळत नाही असा सिद्धान्त मांडला. सोयरीक जुळवायची असावी तसं बोलणं.

पूर येतो तर धरणाचं दार बघावं, एवढी साधी गोष्ट. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते. वाटीत पितळी फ्लोट तरंगतो, घरच्या पाण्याच्या टाकीत गोळा तरंगतो तसा. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई दाबून दार बंद करतो. फ्लोटच बुडाला तर दार उघडंच राहणार. पण फ्लोट नवा कोरा होता, सीलबंद खोक्यातला, आणि सरांनी अहवालात 'फ्लोट: नवीन, निर्दोष' असं आधीच लिहून टाकलं होतं. एकदा लिहिलेल्या गोष्टीवर संशय घ्यायचा नसतो, हे मला तिथे कळलं.

सर जेवायला गेले तशी मी वाटी उघडली, फ्लोट काढला आणि कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ झाली.

"चाचा, तुमच्या चहाचं आधण ठेवा बरं," मी म्हटलं.

मुल्लाचाचा आमच्या वर्कशॉपचे फोरमन. वय पंचावन्न, हातात कायम पाना आणि कानावर पेन्सिल. त्यांनी काही न विचारता किटली ठेवली. मी उकळत्या पाण्यात फ्लोट बुडवून धरला. जोडाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. केसाएवढी चीर. हे शिकायला मला कॉलेज लागलं नव्हतं. मिरजेच्या मार्केटात अण्णांचं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान. आम्ही जातीचे तांबट, पितळेची भाषा घरात बोलली जायची. गळकी टाकी गरम पाण्यात धरायची आणि बुडबुडा येईल तिथे कथलाचा डाग द्यायचा, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून बघितलेलं.

सर आले, त्यांनी बुडबुडे पाहिले आणि म्हणाले की ही पद्धत शास्त्रीय नाही. मी म्हटलं, बुडबुड्यांना तसं सांगून बघा. हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं सर, डाग देऊन बघते."

डाग दिला. इंजिन आठ मिनिटं चाललं आणि पुन्हा तेच. ह्या वेळी फ्लोट काढला तर त्याला दोन्ही बाजूंनी पोचे आले होते, आपटलेल्या तांब्यासारखे. मग माझ्या ध्यानात आलं. टर्बोची दाबलेली हवा त्या वाटीतही भरत होती. बाहेर एवढा दाब आणि फ्लोटच्या आत नुसती पोकळी. पातळ पितळ चेपत होतं, जोड फाटत होता आणि त्यातून पेट्रोल आत शिरत होतं. दहा फ्लोट बदलले असते तरी दहाही चेपले असते.

"सर," मी म्हटलं, "आतून पोकळ आहे ते दाबाखाली चेपणारच."

सरांचा चेहरा एकदम पडला. मी फ्लोटबद्दल बोलत होते.

त्या संध्याकाळी अण्णांना चेपलेला फ्लोट दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, पोकळ नको, भरीव कर. जुन्या काळच्या मोटारींना बुचाचे फ्लोट असत. बूच हलकं, भरीव, चेपत नाही. पण बूच पितं, म्हणून त्याला चपड्याचं अस्तर द्यायचं. चपडा म्हणजे लाख. सुतार स्पिरिटात विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात तोच. पेट्रोल त्याला काही करत नाही.

"पण एक लक्षात ठेव," अण्णा म्हणाले. "स्पिरिटात विरघळून आलेला आहे तो. पुन्हा स्पिरिट दिसलं की माहेरी निघून जाईल."

रसायन विभागातून मोठ्या बाटल्यांची चार बुचं मागून आणली. दाढीच्या ब्लेडने कोरली, चपड्यानेच एकमेकांना चिकटवली, पितळी फ्लोटच्या मापाने घासली. तिथल्याच काट्यावर वजन केलं, पुन्हा घासलं, पुन्हा वजन केलं. मग चपड्याचे हात. रोज एक, असे सहा दिवस सहा हात. प्रत्येक हातानंतर फ्लोट चाचांच्या सायकलच्या स्पोकला दोऱ्याने टांगून वाळवायचा, त्यामुळे चाचा ते सहा दिवस दुपारी जेवायला घरी चालत गेले. सहाव्या हातानंतर तो मधासारखा चमकायला लागला. खोटं कशाला सांगू, मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवून घरी आणायचे आणि बसमध्ये पर्स मांडीवर धरून बसायचे. माझ्या हातून इतकं नीट काम आधी झालं नव्हतं.

बसवायच्या आधी चाचांनी जॉब रजिस्टर पुढे केलं. त्यांचा शिरस्ता होता. वर्कशॉपात साधा नट जरी बनवला तरी रजिस्टरात चढवायचा: वस्तू, कशाची, सूचना, करणाऱ्याचं नाव आणि सही. चेअरमनसाहेबांच्या बंगल्याच्या फाटकाची कडीसुद्धा त्या रजिस्टरात होती. मी लिहिलं: 'फ्लोट. बूच, वर चपडा सहा हात. सूचना: स्पिरिट लावू नये, विरघळेल. प्रमिला तांबट.' चाचांनी वाचून शेजारी आपलीही सही ठोकली.

समितीसमोर इंजिन तेवीस मिनिटं चाललं. एकदाही ठसकलं नाही. समितीचे तिघे काजू खात उभे होते आणि धनेश्वरसर दोन्ही हात मागे बांधून, लग्नात वरबाप उभा राहतो तसे, सगळ्यांकडे बघून मान हलवत होते. एका म्हाताऱ्या सदस्यांनी विचारलं की पूर येण्याचा दोष कसा शोधलात. सर म्हणाले, "पद्धतशीर विश्लेषण." मी तेव्हा त्यांच्या मागे बादली घेऊन उभी होते, पेट्रोल सांडलंच तर म्हणून.

पंधरा दिवसांनी सरांचा छापील अहवाल लॅबमध्ये आला. बाविसाव्या पानावर लिहिलं होतं, 'विभागप्रमुखांनी विकसित केलेला अधातू प्लवक.' प्लवक म्हणजे फ्लोट, हे मला शब्दकोशात बघावं लागलं. माझं नाव शोधायला शब्दकोशाचाही उपयोग नव्हता. आभाराच्या यादीत चेअरमनसाहेब होते, त्यांच्या मातोश्री होत्या, समितीला काजू पुरवणारा कॅन्टीनवालाही होता.

जॉब रजिस्टरही बदललं. पुढच्या समितीला दाखवायला म्हणून सरांनी निळ्या कापडी बांधणीचं नवं रजिस्टर आणलं आणि स्वतः बसून सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं. जुनं बंबात गेलं. नव्यात फ्लोटपुढे 'संकल्पना: प्रा. धनेश्वर' असं होतं. सूचनेचा रकानाच नव्हता. चाचांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले की त्या रकान्यात काहीबाही गावठी मजकूर असतो, समितीवर छाप बरी पडत नाही.

"पोरी, तुझं नाव गेलं ते गेलं," चाचा मला म्हणाले, "पण सूचना पण गेली ना."

मला त्या वेळी सूचनेचं काही पडलेलं नव्हतं. मला फाईलचं पडलं होतं. ती साहेबांच्या टेबलावर गेलीच नाही. कायम जागा एकच मंजूर झाली, ती चेअरमनसाहेबांच्या मेहुण्यांच्या जावयांना मिळाली. जावईबापू मराठी वाङ्मयाचे पदवीधर. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं की ह्या इंजिनाचं बटण कुठे असतं. मी त्यांना भिंतीवरच्या पंख्याचं बटण दाखवलं, दोन दिवस ते तेच दाबत होते.

मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही शब्द दिला होता. सर चष्मा पुसत म्हणाले, "तांबट, संस्था मोठी असते. माणूस गौण." मला एवढा राग आला की जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. अठरा होत्या. अजून लक्षात आहे.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, मी माझ्या सक्तीच्या सुट्टीवर घरी, अण्णांच्या दुकानात बसलेली असताना कॉलेजचा शिपाई निरोप घेऊन आला. चेअरमनसाहेबांची एकसष्टी आहे, मोठा कार्यक्रम आहे, मंत्री येणार आहेत. रांगोळी काढायला आणि ओवाळायला यावं. कॉलेजात दोनच बायका, त्यातली टायपिस्ट बाळंतपणाला गेलेली. म्हणजे संस्थेला मी फिटर म्हणून डिसेंबरात नको होते, सवाष्ण म्हणून चालणार होते. तेही लग्न झालेलं नसताना. शिपायाला म्हटलं, मी कुमारिका आहे. तो म्हणाला, "ओवाळायला चालतं म्हणाले सर."

का गेले? जानेवारीची ऑर्डर हवी होती म्हणून गेले. पोट असतं माणसाला.

सकाळी आठला पोचले. मांडवाच्या मधोमध आमचं इंजिन स्टँडवर बसवलेलं, झेंडूच्या माळांनी नवरदेव करून टाकलेलं. मी त्याच्याभोवती कमळाची रांगोळी घालायला बसले. कमळाच्या तिसऱ्या पाकळीला नाकात वास शिरला. पेट्रोलचा नव्हे. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी येतो तो.

वर बघितलं. मागे फलक लावला होता: 'कारखान्याच्या अल्कोहोलवर धावणार उद्याची मोटार.' पेट्रोलमध्ये निम्मं स्पिरिट मिसळून इंजिन चालवायचं आणि मंत्र्यांना दाखवायचं, अशी ती टूम. साहेबांच्या डिस्टिलरीला परवाने हवे होते आणि सरांना प्रबंधाचं पुढचं प्रकरण. मी उठून सरांजवळ गेले. ते टाय नीट करत होते.

"सर, टाकीत स्पिरिट कधी भरलं?"

"काल सकाळी. पाच मिनिटं चालवून पाहिलं, अप्रतिम चाललं. रात्रभर तसंच तयार ठेवलंय."

"सर, तो फ्लोट..."

"तांबट," ते म्हणाले, "आज तुम्ही रांगोळीकडे बघा."

आता इथे मी खरं ते सांगते. मला एक वाक्य आणखी बोलता आलं असतं. चपडा स्पिरिटात विरघळतो, एवढंच. पाच शब्दसुद्धा नाहीत. ते मी बोलले नाही. मी जाऊन रांगोळीकडे बघितलं. चौथी पाकळी, पाचवी पाकळी. इतकी रेखीव रांगोळी मी त्याआधी काढली नव्हती.

अकराला सगळे आले. मंत्री, साहेब, साहेबांच्या पत्नी, पंचक्रोशीतले फेटे. ठरलं होतं असं की आधी मी इंजिनाला ओवाळायचं, मग मंत्र्यांनी बटण दाबायचं. जावईबापूंनी किल्ली फिरवली, विजेचा पंप टिकटिक करायला लागला. निवेदक इंजिनाला कामधेनू म्हणाले. मी तबक घेतलं, निरांजन लावलं आणि पुढे झाले.

दोन पावलांवर असताना मला माझं कमळ दिसलं. त्याच्या मधल्या पाकळ्या ओल्या होत होत्या. गुलाबी रंग पसरत पसरत पांढऱ्यात चालला होता. कार्बोरेटरच्या सांध्यातून धार लागली होती, झेंडूच्या माळेवरून खाली, थेट रांगोळीत. आणि माझ्या हातात पेटलेली ज्योत, मागे शंभर माणसं, त्यात पुढच्या रांगेत साहेबांची नातवंडं.

हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. इंजिन चालू होणार नाही, धूर ओकेल, सरांची फजिती होईल, इथवरच माझी अक्कल धावली होती. दिवा माझ्याच हातात असेल हे मला सुचलंच नव्हतं. मी ज्योत चिमटीत धरली आणि विझवली.

एकसष्टीचा दिवा ओवाळायच्या आधी विझवला. साहेबांच्या पत्नींनी तोंडाला पदर लावला.

"बाई, काय केलंत हे?" साहेबांचा आवाज चढला होता.

"साहेब, खाली बघा."

साहेबांनी बघितलं, वास घेतला आणि मंत्र्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. चाचांनी धावत जाऊन पंपाची वायर उपटली. बिड्या विझवा म्हणून ओरडत ते रांगांमधून फिरले. मग दारं-कनाती उघडून वारा घेतला, वर वाळू टाकली. कामधेनू आंघोळ घातल्यासारखी दिसत होती. एवढं झाल्यावर साहेब सरांकडे वळले आणि आत्ताच्या आत्ता हे उघडून दाखवा म्हणाले.

चाचांनी वाटी उघडली. फ्लोट चिमट्याने वर काढला. चहात बुडवून विसरलेला टोस्ट असतो तसा झाला होता. चपड्याचे सहाही हात माहेरी गेले होते, खाली तपकिरी चिकटा उरला होता आणि बूच पोटभर पिऊन जड झालं होतं. मंत्री वाकून बघत म्हणाले, "हे तर पिऊन पडलंय की हो." पुढच्या दोन रांगा हसल्या. साहेब हसले नाहीत.

"धनेश्वर, हे काय आहे?"

सरांनी टाय सैल केला. "साहेब, हा भाग मुळात माझा नव्हे. हा आमच्या ह्या तांबटबाईंनी हाताने केलेला. बुचाचा. अशास्त्रीय. पूर्णपणे त्यांनीच केलेला."

एकवीस महिने. एकवीस महिने मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. चेअरमन, मंत्री, शंभर माणसं, आणि विभागप्रमुख आपल्या तोंडाने सांगतायत की फ्लोट तांबटबाईंनी केला. एवढंच बाविसाव्या पानावर छापलं असतं तर मी त्या दिवशी तबक घेऊन उभी नसते. पाना घेऊन उभी असते, आणि स्पिरिट टाकीत जाऊच दिलं नसतं.

साहेब माझ्याकडे वळले. शेतकरी माणूस, नजर तीक्ष्ण. "बाई, खरं सांगा. हे तुम्ही केलंय?"

मी फ्लोटकडे बघितलं. चाचांच्या चिमट्यात तो ठिबकत होता.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मी कशी करीन? अहवालात बाविसाव्या पानावर सरांचं नाव आहे. निळ्या रजिस्टरातही आहे. मी फक्त ओवाळायला आलेय."

साहेबांनी अहवाल मागवला. पान बाविसावं काढलं. मोठ्याने वाचलं, 'अधातू प्लवक' हा शब्द दोनदा वाचला. सर म्हणजे आपल्याच अक्षरात अडकलेला माणूस. साहेब त्यांना एवढंच म्हणाले की उद्यापासून वसतिगृहाच्या मेसकडे बघा, तिथे आमटी पातळ होते अशी तक्रार आहे. वर्षभर सर आमटी चाखत होते. पुढे डॉक्टरेटही झाली त्यांची. असल्या माणसांचं काही अडत नाही.

जानेवारीत माझी ऑर्डर आली नाही. फेब्रुवारीतही आली नाही. एकसष्टीचा दिवा विझवणारी बाई संस्थेत नको, असं साहेबांच्या पत्नींनी सांगितल्याचं कळलं. त्या दिव्याने त्यांची नातवंडं भाजली असती, हे त्यांना कुणी सांगितलं की नाही माहीत नाही. मी अण्णांच्या दुकानात स्टोव्हच्या शेजारी कार्बोरेटरचं काम घ्यायला लागले. दुकान चांगलं चाललं, अजून चालतंय, त्याचं रडगाणं नाही.

त्या फेब्रुवारीत एका दुपारी मुल्लाचाचा दुकानात आले. सायकल लावली, खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत तो फ्लोट होता. वाळून सुरकुतला होता, जोड सुटला होता. मी एकसष्टीची गोष्ट अण्णांना आणि गिऱ्हाइकांना किती वेळा रंगवून सांगितली होती, सरांच्या टायसकट. चाचांनाही पुन्हा सांगायला लागले. ते हसले नाहीत.

"सरांना काय सांगायचं ते सांग," चाचा म्हणाले. "साहेबालाही सांग. पण ह्याला नाही म्हणायला नको होतंस, पोरी."

ते चहा न पिता गेले. मी पुडी समोर घेऊन बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला थांबा म्हटलं. मला तेव्हा रडू आलं, ऑर्डर आली नाही तेव्हा आलं नव्हतं. सहा दिवस मी त्याला मांडीवर धरून बसमधून आणला होता. तो कुणाचा हे सगळ्यांसमोर एकदाच विचारलं गेलं आणि मी नाही म्हटलं.

मग अण्णांच्या दुकानातली वही ओढली, कोरं पान काढलं आणि पट्टीने रकाने आखले. फ्लोट. बूच, वर चपडा सहा हात. सूचना: स्पिरिट लावू नये, विरघळेल. शेवटच्या रकान्यात नाव लिहिलं, प्रमिला तांबट, आणि सही केली. मग गिऱ्हाइकाला म्हटलं, बोला, काय होतंय गाडीला.